सुचत नाही, म्हणजे काय?

(मंडळाच्या शारदोत्सवात झालेले भाषण)



शारदोत्सवात दर वर्षी बाहेरच्या कोणी तरी विदुषी बोलवायच्या, अशी आपली प्रथा आहे. यंदा ज्या येणार होत्या त्यांना येणे जमले नाही, आणि परवा चिटणीसबाईंनी मला सांगितले की, वहिनी, तुम्हीच बोला. विषयही त्यांनीच दिला : लिहायला बसले की सुचत का नाही, आणि हौशी लिहिणारा व धंदेवाईक लिहिणारा यांच्यात फरक तो कोणता. हा विषय त्यांना कशावरून सुचला ते मी ओळखून आहे. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपण श्रावणात लेख मागवले. त्या बैठकीत तेवीस जणींनी हात वर केले होते. आज माझ्या पिशवीत पाच कागद आहेत, आणि त्यांतल्या तीन पाककृती आहेत. राहिलेल्या अठरा जणींना मी घरी जाऊन विचारले. सगळ्यांचे उत्तर एकच. "बसते हो वहिनी, पण सुचतच नाही."

अठरा घरांतून एकच उत्तर येते तेव्हा त्याच्या पोटात काही तरी असते. त्याच अठरा जणी भिशीच्या दिवशी दोन दोन तास बोलतात, आणि ऐकणाऱ्याला उठवत नाही.

आधी शब्दांचे पाहू. हौशी आणि धंदेवाईक ही जोडी बहुधा नाटकवाल्यांमुळे आपल्या तोंडी बसली. पोटासाठी गावोगाव खेळ लावणाऱ्या त्या धंदेवाईक मंडळ्या, आणि कचेरी सुटल्यावर तालमी करणारे ते हौशी. राज्य नाट्य स्पर्धा 1954 साली सुरू झाली ती या हौशी लोकांसाठी. आपण हौशी हा शब्द जरा हसून म्हणतो आणि धंदेवाईक हा शब्द जरा नाक मुरडून. हौसेला मोल नाही असेही म्हणतो. त्याचा एक अर्थ असा की हौस अनमोल आहे. दुसरा अर्थ असा की तिचे कोणी पैसे देत नाही. बायकांच्या लिहिण्याला घरात बहुधा दुसराच अर्थ लावला जातो. स्वयंपाकघरात उभी असलेली बाई कामात असते, आणि वही घेऊन बसलेली बाई रिकामी असते, असा आपल्याकडचा हिशेब आहे.

आता आपल्या फराळाच्या ऑर्डरी आठवा. घरी चकली केली, चार मोडल्या, तर पोरे मोडक्या आधी खातात. ऑर्डरीची चकली मात्र सारख्या वेढ्यांची, सारख्या रंगाची, किलोत ठरलेल्या नगांची लागते, आणि वसुबारसेला म्हणजे वसुबारसेला. हात तेच, भाजणी तीच. फरक एवढाच की पलीकडे कोणी तरी थांबलेले असते, आणि ते अनोळखी असते. "आज चकली सुचत नाही" असे ऑर्डरीच्या दिवशी आपल्यातली कोणी म्हणाल्याचे मला आठवत नाही. कंटाळा येतो, पाठ दुखते, सोऱ्या अडकतो, पण सुचण्याचा प्रश्न येत नाही.

लिहिण्यातही असे थांबलेले माणूस किती काम करून घेते त्याचे मोठे उदाहरण म्हणजे गीतरामायण. पुणे आकाशवाणीने ते 1955 च्या रामनवमीपासून सुरू केले. दर आठवड्याला एक नवे गीत. ग. दि. माडगूळकरांनी लिहायचे, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, आणि ठरल्या दिवशी ते रेडिओवर जायचे. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे बावन्नाची छप्पन गीते झाली. वर्षभर, आठवड्याच्या आठवड्याला! पहिल्या गीताची तर अशी गोष्ट सांगतात की ऐन ध्वनिमुद्रणाच्या वेळी कागदच सापडेना, तेव्हा माडगूळकरांना एका खोलीत बसवून बाहेरून दार लावून घेतले आणि थोड्याच वेळात त्यांनी गीत पुन्हा लिहून दिले. गोष्टीत तिखटमीठ किती असेल ते असो. मला त्यातले दार लावून घेणे फार आवडते. आपल्यापैकी कितीजणींना अर्धा तास दार लावून कोणी बसू देईल? आपल्या घरांत आपल्याच हातून ते दार लागत नाही. कुकरची शिट्टी असते, कुरियरवाला असतो, सासऱ्यांचे औषध असते. तेव्हा सवड नाही हे एक दुखणे आहे आणि सुचत नाही हे वेगळे दुखणे आहे. पहिल्याला आपण उगीच दुसऱ्याचे नाव देतो.

हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यातून थोडी थोडी करून छापली. ती सगळी यमू नावाच्या मुलीच्या तोंडून सांगितलेली आहे. आपल्या आज्या-पणज्यांचे दुःख पुरुषाने इतके जाणून लिहावे याचे मला नेहमी नवल वाटते. पण आजच्या विषयापुरते एवढेच पाहा की पुढच्या अंकाची पाने रिकामी होती आणि वर्गणीदार वाट पाहत होते. याच हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या त्या राहिल्याच, हेही सांगितले पाहिजे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हजाराच्या वर भरतात. त्या सगळ्या सारख्या उतरल्या असे कोणीही म्हणणार नाही, पण माझ्या वडिलांच्या पिढीने धनंजय आणि काळापहाड यांच्यापायी जेवणे थंड केली, हे खरे आहे.

थोडा माझा अनुभव सांगते, कारण चिटणीसबाईंनी मला निवडले ते त्यासाठीच. जवळच्या शहरातल्या एका दैनिकाच्या पुरवणीत मी तीन वर्षे घरगुती युक्त्यांचे सदर लिहीत असे. अडीचशे शब्द, दर बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत. सातवी शिकलेल्या बाईला हे कसे जमते असे शेजारी विचारीत. जमत होते ते बुधवारमुळे. वही मी मीठ-मोहरीच्या फळीवर ठेवली होती, आणि एक गोष्ट कसोशीने पाळली : पुढचे वाक्य मनात तयार असतानाच वही मिटायची. सगळे दही एकदम संपवीत नाही, विरजणाला चमचाभर राखतो, तसेच हे. सगळे लिहून संपवले की दुसऱ्या दिवशी कोरे पान छातीवर बसते. राखलेले वाक्य असले की हात आपोआप चालू लागतो.

दुसरी गोष्ट शिकले ती लाल पेन्सिलीची. मी फुलवून फुलवून लिहिलेले संपादक हमखास कापीत, आणि साधेसुधे ठेवीत. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आले. पुढे ध्यानात आले की शब्दांचेही मोहन असते. चकलीच्या पिठात मोहन जास्त झाले तर ती खुसखुशीत होईल असे नवशिकीला वाटते, आणि ती तेलात पडताच विरघळते. मोहन अगदीच नसले तर दातही पडेल, हे आहेच. पण आपल्याकडे दुखणे जास्तीचेच आहे. जी बाई बोलताना म्हणते, "आमचे गाव म्हणजे चार घरे आणि एक पाण्याची टाकी, तीही गळकी," तीच हातात पेन घेतल्यावर लिहिते, "निसर्गाच्या कुशीत वसलेले आमचे टुमदार गाव." आणि पुढचे वाक्य तिला सुचत नाही! कसे सुचणार? ते गाव तिने पाहिलेलेच नाही. गळक्या टाकीपासून सुरुवात केली असती तर टाकी कोणी बांधली, पैसे कोणी खाल्ले, पाणी कोणी आणले, असे सगळे रामायण ओळीने आले असते.

लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर त्या लिहावाचायला शिकल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी निघाली आणि आजही लोक ती विकत घेऊन वाचतात, कारण त्या बोलल्या तसे त्यांनी लिहिले. सोवळेओवळे, नवऱ्याचा विक्षिपतपणा, स्वतःची भांडणे, सगळे. नवऱ्याचे 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिले होते, त्यातले पुढचे बहुतेक अध्यायही याच बाईने रचले. बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. त्या शेतात, जात्यावर, चुलीपाशी गाणी रचीत आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व घरची माणसे ती उतरून घेत. बाई 1951 साली गेल्या आणि पुस्तक 1952 साली निघाले. आता सोपानदेव प्रत्येकीच्या घरी कुठून येणार? पण मोबाइलपुढे मराठीत बोलले की अक्षरे उमटतात, एवढी सोय आपल्या पिढीला झाली आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मागाहून कोणीही काढील. माझ्या सुनेच्या वयाच्या मुलींना यासाठी खुशाल कामाला लावा.

इथवर सगळे सोपे होते. वेळ काढा, तारीख ठरवा, साधे लिहा, हे मी बसल्या जागी कोणालाही सांगितले असते. पण त्या अठरा जणींपैकी एकीकडे मी जाऊन आले त्यानंतर माझी झोप जरा उडाली आहे. तिला विचारून, आणि ओळख पटणार नाही इतके बदलून, तिचे सांगते.

"सुचत नाही," असे तीही म्हणाली. मग चहा ठेवला आणि बोलू लागली. वडील गेल्यावर दिवसकार्याच्या आतच भावांनी तिला तालुक्याला नेले आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा आहे, 2005 पासून देशभर तसा कायदा आहे, हे तिला पुरते ठाऊक होते. भावांनाही ठाऊक होते, म्हणून तर सही हवी होती. येताना मोठ्या भावाने तिला साडी घेतली. ती साडी तिने आजवर नेसली नाही, कपाटातून काढलीही नाही. परीटघडीवर घडी मोडू नये म्हणून दर संक्रांतीला ती नुसती उलटी करून ठेवते. हे सगळे ती तासभर सांगत होती, आणि एकही शब्द अडखळला नाही. मी म्हटले, "अगं, हेच लिहून दे." ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "हे कसे लिहू? स्मरणिका माझ्या वहिनीच्या घरीही जाते. राखीला कुठे जाऊ मग?"

दुसऱ्या दिवशी तिने पाककृती पाठवली. तीन पाककृती म्हटल्या, त्यांतली ती एक. आंबोळ्यांची आहे, आणि प्रमाण अगदी चोख दिले आहे.

तेव्हा माझ्या मनात आले की हौशी आणि धंदेवाईक यांत खरा फरक पैशाचा नाही, हुशारीचाही नाही. धंदेवाईकाचा वाचक अनोळखी असतो. तो वर्गणी भरतो, पुस्तक वाचतो, बरे-वाईट म्हणतो आणि आपल्या घरी जातो. आपला वाचक घरातच बसलेला असतो. सासू वाचणार, जाऊ वाचणार, भाऊ वाचणार, आणि वाचून झाल्यावर त्यांनाच वाढायचे असते. अशा वेळी मनात जे पहिल्याने येते ते खरे असते, म्हणून ते आपण बाजूला सारतो. दुसरे येते, तेही सारतो. असे चारदा सारले की पुढे कोरे पान उरते, आणि आपण म्हणतो, सुचत नाही. सुचलेले असते. ते लिहिण्याजोगे नसते, इतकेच.

आपल्या आज्यांना ही अडचण ठाऊक होती आणि त्यांनी वाटही काढली होती. पहाटे जात्यावर बसून त्या ओव्या म्हणत. पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला, अशी मोजणीच असल्यामुळे आरंभ कुठून करावा हा घोर नव्हता. हात जात्याच्या खुंट्याला लागलेले, घर निजलेले. त्या ओव्यांत देवाधर्माचे आहे, लेकराचे कौतुक आहे, आणि भावजयीने उंबऱ्यावर कसे उभे केले, सासरी पोटाला कसे मिळाले, हेही आहे. ओवीखाली नाव नसते. आज हिने म्हटली, उद्या तिने. म्हणून तीत भावाविषयीचा राग बोलता येत असे आणि भाऊबीजही सुखरूप होत असे. साने गुरुजींनी अशा ओव्या घरोघर फिरून गोळा केल्या आणि 'स्त्रीजीवन' हे पुस्तक केले. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एक लाख ओव्या! सुचत नाही म्हणणाऱ्यांची ही जात नव्हे.

नाव घालून लिहिले तर काय होई, तेही पाहा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक छापले. विधवेच्या पायात बेड्या आणि विधुराच्या डोक्यावर बाशिंग, हा कुठला न्याय, असा त्यांचा रोखठोक सवाल. फार टीका झाली. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू 1885 साली 'सत्सार'मध्ये घेतली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही, आणि हे पुस्तकही लोक विसरले, ते 1975 साली पुन्हा छापले गेले. त्यांना पुढे सुचले नसेल, असे मला वाटत नाही. उलट 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' निघाले तेव्हा त्यावर नाव होते विभावरी शिरूरकर. पुस्तकाने केवढे वादळ उठले! शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातले त्यात उघडपणे आले होते. त्या नावामागे बाळूताई खरे म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर होत्या. त्या पुढेही लिहीत राहिल्या. टोपणनाव हे त्यांनी लावून घेतलेले दारच होते.

म्हणून धंदेवाईक लिहिणारा मोकळा आणि आपण बांधलेल्या, असेही मी म्हणणार नाही. त्या पुरवणीत मी लसणाची साले आणि डाळीतले किडे यांवर कितीही लिहिले तरी चाले. एकदा मी उन्हाळ्यात टँकरपाशी रांगेत उभ्या राहणाऱ्या गरोदर बाईविषयी अडीचशे शब्द दिले, तर फोन आला की वहिनी, वाचकांना असले नको, सासू-सुनेचे काही गमतीदार द्या. दोनशे रुपये लेखाचे मिळत, तिमाहीने, कधी चौमाहीने. विकत घेणाऱ्याला जे हवे तेच विकावे लागते. हौशीला कोणी हुकूम करीत नाही, ही हौशीची श्रीमंती आहे. टँकरच्या रांगेतली ती बाई माझ्या वहीत आहे, आणि यंदाच्या स्मरणिकेत येते आहे.

आता कामाचे बोलते. स्मरणिकेत काही पाने बिननावाची ठेवावी असे मी कार्यकारिणीपुढे मांडले. त्यावर एका सभासद काकूंनी बरोबर हरकत घेतली की नाव काढून काय होते, आपण भिशीच्या वहीमुळे एकमेकींचे अक्षर ओळखतो, आणि गोष्ट वाचली की घरही ओळखतो. खरे आहे. आणखी एकीने विचारले की बिननावाच्या आडून कोणी कोणाची निंदा केली तर? तेही खरे. तेव्हा असे ठरले आहे. दुसऱ्या तालुक्यातल्या एका महिला मंडळाच्या चिटणीसबाईंशी मी बोलले आहे. त्यांचीही स्मरणिका चैत्रात निघते, आणि त्यांच्याकडेही पाककृतीच फार आल्या आहेत. आपली बिननावाची पाने त्यांच्या अंकात जातील, त्यांची आपल्या अंकात येतील. तिकडे आपल्या वहिनी-जावा नाहीत, इकडे त्यांच्या नाहीत. दोन्हीकडे लिखाण आधी दोघी जणी वाचतील, गावाची आणि माणसांची नावे गाळतील, आणि कोणाची उगीच बदनामी असेल तर परत करतील. हाताने लिहिलेले कागद टंकून झाले की ज्याचे त्याला परत मिळतील. ज्यांना लिहिणे नको असेल त्यांनी माझ्याकडे येऊन बोलावे, मी उतरून घेईन. दुपारी दोन ते चार आमच्याकडे कोणी नसते.

परवा ती आंबोळीवाली भेटली, तेव्हा तिला हे सांगितले. तिने हो म्हटले नाही, नाही असेही म्हटले नाही. त्या मंडळाच्या गावाला एसटी कुठून जाते आणि तिथे आपल्या ओळखीचे कोणी आहे का, एवढेच दोनदा विचारले.

पाने त्यांना संक्रांतीच्या आधी आठ दिवस हवी आहेत. पेटी उद्यापासून वाचनालयाच्या कपाटाशेजारी ठेवली आहे. पाककृती आता पुरे झाल्या, त्या कृपा करून पुढच्या वर्षी द्याव्यात.